क्रिएटिनिनच्या आदल्या रात्री

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला झोप कधी लागत नाही? रक्त द्यायच्या आदल्या रात्री. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही इतकी तगमग नसते, कारण तेव्हा निदान काहीतरी चांगलं घडणार असतं. इथे उद्या फक्त एक आकडा येणार असतो, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट गाळते की नाही हे सांगणाऱ्या रक्तातल्या कचऱ्याचा. तो १.२ आला की महिना सुखाचा, १.५ आला की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

ही भीती मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. नवी किडनी पोटाच्या खालच्या बाजूला, बहुधा उजवीकडे, बसवतात. सर्जन तिची रोहिणी जोडतो, नीला जोडतो, मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतो. मज्जातंतू मात्र कुणी जोडत नाही. त्यामुळे रिजेक्शन, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने परकी किडनी नाकारणं, सुरू झालं तरी बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, आणि हल्लीच्या औषधांमुळे ताप, सूज ही जुनी लक्षणंही सहसा दिसत नाहीत. शरीर काही कळवत नाही, कळवतो तो कागद. मग कागदाची धास्ती वाटणारच. तिला उपाय धीराच्या गप्पांचा नाही. तो आकडा कशाकशाने हलतो, हे नीट माहीत असणं हाच आहे.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलात, जिममध्ये जोर काढलात, रात्री भरपूर मांसाहार केलात, तर सकाळी ते थोडं वर दिसतं. एकाच माणसाचं रक्त दोन लॅबमध्ये दिलं तर दोन उत्तरं येऊ शकतात. संसर्ग टाळायला पहिले काही महिने को-ट्रायमोक्साझोल देतात. त्यातला ट्रायमेथोप्रिम हा घटक क्रिएटिनिनला लघवीवाटे बाहेर पडताना अडवतो, म्हणून किडनीला काहीही न होता आकडा चढतो. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची लेव्हल, म्हणजे रक्तातली पातळी, वाढली तर किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या आकसतात. तेव्हाही तो चढतो, आणि डोस कमी केला की उतरतो. इतक्या कारणांनंतर रिजेक्शनचा नंबर लागतो.

म्हणून १.२ चं १.३ झालं यावर रात्र जाळू नये. तुमच्या नेहमीच्या पातळीपेक्षा साधारण २० ते २५ टक्के वाढ झाली की डॉक्टर कान टवकारतात. तेव्हाही पहिलं पाऊल तपासणी पुन्हा करण्याचं असतं. मग टॅक्रोची लेव्हल, लघवीची तपासणी, सोनोग्राफी, आणि यातून उलगडा झाला नाही तर बायोप्सी. बायोप्सीचं नाव काढलं की लोकांचा चेहरा उतरतो, पण ही किडनी कातडीपासून फार खोल नसते. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुईने तुकडा घेतात. नंतर काही तास पडून राहायचं. लघवी एखाद वेळ गुलाबी होऊ शकते. त्यात साधं, पेशींमुळे झालेलं रिजेक्शन निघालं तर बहुधा सलग ३ दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड देतात, आणि पहिल्यांदा आलेलं असं रिजेक्शन बहुतेक वेळा आटोक्यात येतं. पायऱ्या माहीत असल्या की ‘क्रिएटिनिन वाढलं’ आणि ‘किडनी गेली’ ही दोन वाक्यं मनात एकाच श्वासात येत नाहीत.

आता तपासणीच्या सकाळबद्दल. टॅक्रोलिमसची लेव्हल मोजतात ती पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीची, म्हणजे दिवसातून दोनदा गोळी असेल तर मागच्या डोसला १२ तास होत आले असतानाची. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ च्या आसपास रक्त द्यायचं आणि त्यानंतरच सकाळची गोळी. इथे नेहमी होणारी चूक अशी: रोजच्या सवयीने सकाळी गजर वाजतो, हात आपोआप डबीकडे जातो, गोळी पोटात, आणि मग लॅबच्या रांगेत आठवतं. अशा वेळी रक्त तसंच दिलं तर लेव्हल खोटी जास्त येते. ती पाहून कुणी डोस कमी केला की खरी लेव्हल घसरते, आणि ज्या रिजेक्शनला घाबरत होतो त्यालाच दार उघडं होतं. गोळी चुकून घेतली गेली तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या दिवशी जा. एक दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही. सोपा उपाय म्हणजे आदल्या रात्रीच त्या सकाळची गोळी डबीतून काढून छोट्या पाकिटात घालायची, पाकिटावर ‘रक्तानंतर’ लिहायचं आणि ते लॅबच्या फाइलला टाचायचं. डबीचा कप्पा रिकामा दिसला की हात थांबतो.

रिपोर्ट कधी बघायचा हेही आधीच ठरवा. मोबाइलवर रात्री ११ ला रिपोर्ट येतो, आणि तेव्हा विचारायला कुणीही नसतं. डॉक्टर किंवा ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर फोनवर मिळतील अशा वेळीच तो उघडायचा, हा नियम पाळणाऱ्यांची झोप खरोखर सुधारते. आणि आकडे वहीत ओळीने लिहिण्यापेक्षा आलेखाच्या कागदावर टिंब टिंब मांडा. मागचे १२ आकडे एका रेषेत दिसले की एकट्या टिंबाची दहशत ओसरते. वर-खाली होणारी, पण आडवी रेषा म्हणजे बहुधा ठणठणीत किडनी. हळूहळू चढत जाणारी रेषा असेल, तर प्रत्येक टिंब ‘नॉर्मल’च्या आत असलं तरी डॉक्टरांपुढे ठेवावी.

आता जरा औषधांकडे. कारण ज्याला सगळे ‘टेन्शन’ म्हणतात त्यातलं बरंचसं गोळ्यांच्या पाकिटातून आलेलं असतं, आणि हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉईडचा मोठा डोस शिरेतून देतात. त्यानंतर प्रेडनिसोलोनची गोळी सुरू होते आणि आठवड्या-महिन्यांत ती उतरवत आणतात, बरेच जण शेवटी रोज ५ मिलिग्रॅमवर येतात. वरच्या डोसवर असताना माणूस रात्री २ ला कपाट आवरायला घेतो, क्षुल्लक कारणावरून खेकसतो, पाच मिनिटांनी रडतो, सारखं खातो. ‘किडनी बदलली आणि स्वभावच बदलला’ असं घरात म्हणतात. स्वभाव नाही, डोस. तो उतरला की बहुतेकांचं मनही जागेवर येतं. प्रेडनिसोलोनचा सगळा डोस सकाळी, खाऊन झाल्यावर घ्यायचा, म्हणजे रात्रीची झोप कमी मोडते. आपल्या मनाने ही गोळी बंद मात्र करू नये. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉईड मिळाल्यावर शरीरातलं स्टेरॉईड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम विसरतात, आणि गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो.

टॅक्रोलिमसने हात थरथरतात. कप बशीवर वाजतो, सुईत दोरा जात नाही, बँकेत सही जुळत नाही. बघणाऱ्याला वाटतं माणूस घाबरलाय, आणि हळूहळू त्या माणसालाही तसंच वाटू लागतं. नीट पाहिलं तर कळतं की गोळीनंतर एक-दोन तासांनी थरथर वाढते, मग कमी होते. ही नोंद दोन-तीन दिवस करा आणि डॉक्टरांना दाखवा. लेव्हल जास्त असेल, मॅग्नेशियम कमी झालं असेल, तर त्यावर उपाय आहेत. डोकेदुखी आणि झोप न लागणं यांचंही तसंच. याशिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी १२ हे सगळं तपासून झाल्याशिवाय कुणालाही ‘मनाने कमकुवत’ म्हणू नये, स्वतःला तर नाहीच.

औषधांनी न उलगडणारा भागही आहे, आणि तो साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला वर येतो. तोपर्यंत फोन येत असतात, फॉलोअप आठवड्याला असतो, सगळ्यांचं लक्ष असतं. मग फॉलोअप लांबतात, माणसं आपापल्या कामाला लागतात, आणि बाहेरून बघता सगळं छान असतं. डायलिसिस सुटलं, पाणी पिता येतं, आता काय? अशा वेळी मन खचलं तर ते बोलून दाखवायची चोरी. ‘किडनी मिळाली, आता रडतोस कशाला’ हे वाक्य कुणी म्हणायचीही गरज नसते, माणूस स्वतःलाच ऐकवतो. डायलिसिसच्या काळात आठवड्याचे तीन दिवस ठरलेले असतात, तिथली माणसं ओळखीची असतात. तो आधारही सुटलेला असतो, आणि त्याची आठवण येते हे कबूल करायला लाज वाटते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डोनरचं ओझं वेगळंच. मृत व्यक्तीची किडनी असेल तर आपल्या आनंदाच्या दिवशी कुणाच्या तरी घरी दुःख होतं, हा विचार पाठ सोडत नाही. डोनरच्या कुटुंबाला काही लिहावंसं वाटलं तर ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला विचारा. जिथे ही सोय असते तिथे नाव-पत्ता न कळवता पत्र पोचवतात. घाई नाही, सक्तीही नाही. दोन वर्षांनी चार ओळी लिहिल्या तरी चालतात. डोनर घरातलाच असेल तर प्रत्येक भांडणात ती किडनी मध्ये येऊन बसते. ‘मी दिली’ असं तो म्हणत नाही, पण घेणाऱ्याला ते ऐकू येतं. इथे स्पष्ट बोलून ठेवणं बरं: प्रत्येक रिपोर्ट डोनरला हवाय का, की काही बिघडलं तरच सांगायचं? आणि तो रात्री काय खाल्लं याची चौकशी करणार का? डोनरलाही स्वतःचा रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन दर वर्षी तपासायचं असतं, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवून विचारलं तर दोघांमधला काटा पुष्कळदा समतोल होतो.

उभारी म्हणजे काय यावर बरंच गोड गोड लिहिलं जातं. माझं मत रुक्ष आहे. वर्षानुवर्षं किडनी नीट सांभाळणारी माणसं इतरांपेक्षा शूर नसतात. त्यांच्याकडे कंटाळवाणी, पक्की व्यवस्था असते, आणि वाईट दिवशी ती व्यवस्था त्यांच्या वतीने काम करते. यातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे गोळ्यांची डबी.

आठवड्याची, सकाळ-संध्याकाळचे वेगळे कप्पे असलेली डबी घ्या. भरायचा वार ठरवा, आणि तेव्हा फोन बाजूला ठेवा. समोर औषधांचा ताजा कागद, डावीकडे पट्ट्या, उजवीकडे डबी. टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल ०.५, १ आणि ५ मिलिग्रॅमच्या येतात आणि पट्ट्या एकमेकींच्या बहिणी शोभतात. २.५ चा डोस असेल तर १ च्या दोन आणि ०.५ ची एक. सगळ्यात घातक गफलत ०.५ च्या जागी ५ उचलण्याची. डोस बदलला की जुन्या ताकदीच्या पट्ट्या त्याच खणात ठेवू नका, वेगळ्या डब्यात बंद करा आणि तारीख टाका. या कॅप्सूलना दमट हवा चालत नाही, म्हणून पट्टीतून सोडवून आठवडाभर उघड्या ठेवण्यापेक्षा कात्रीने पट्टीचा तुकडा कापून तसाच कप्प्यात ठेवावा. गिळायच्या वेळी फोडायचा. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाची गोळी कुटायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. आणि अँटासिड घेत असाल तर त्याच्यात आणि या गोळ्यांत किती अंतर ठेवायचं ते विचारून कागदावर लिहून ठेवा, कारण पोटात ती एकत्र आली की औषध कमी शोषलं जातं.

दोन गजर लावा, दुसरा १५ मिनिटांनी. पहिला गजर गोळी गिळल्यावरच बंद करायचा. ‘घेतो आता’ म्हणून बंद केलेला गजर हेच चुकलेल्या डोसचं सर्वांत साधं कारण. सकाळची गोळी सहसा चुकत नाही, चुकते ती संध्याकाळची, कारण तेव्हा माणूस बाहेर असतो. म्हणून रोजच्या पिशवीत एका दिवसाचा पूर्ण डोस कायम असू द्या. घरात १० दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायच्या, दोन दिवसांच्या उरल्यावर नाही. गोळी विसरली तर किती तासांपर्यंत घ्यायची, आणि घेतल्यावर उलटी झाली तर परत घ्यायची का, याची उत्तरं आजच आपल्या टीमकडून लिहून घ्या. दुप्पट डोस कधीच घ्यायचा नाही, हे मात्र सगळीकडे सारखं. जुलाब लागले तर बहुतेकांना वाटतं औषध वाहून गेलं. टॅक्रोलिमसचं उलटं असतं: जुलाबात आतड्याची हे औषध मोडायची ताकद घटते आणि लेव्हल वाढते. म्हणून जादा गोळी न घेता फोन करायचा. कंपनी बदललेली पट्टी मिळाली, किंवा दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीऐवजी एकदाच घ्यायची मिळाली, तर दुकानातूनच फोन करा.

२००७ साली पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या एका पाहणीत किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या दर १०० जणांमागे वर्षाला सुमारे ३६ इतक्या प्रमाणात ही औषधं नेमाने न घेतल्याचं आढळलं होतं. म्हणजे गोळी चुकणारे तुम्ही एकटे नाही. अडचण पुढे होते. मन उदास असलं की गोळी विसरते, विसरली की अपराधी वाटतं, म्हणून डॉक्टरांना सांगितलं जात नाही, लेव्हल कमी दिसते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या गोळ्या घेतल्या की लेव्हल एकदम उसळते. ही साखळी तोडायला एक वाक्य पुरतं: ‘या महिन्यात दोन डोस चुकले.’ रागावणारा डॉक्टर परवडला, अंदाजाने डोस ठरवणारा नाही.

फोन कधी करायचा याचा एक कागद फ्रिजवर लावा. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त. लघवी एकदम कमी. दिवसात १ किलो किंवा आठवड्यात २ किलो वजन वाढणं. किडनीच्या जागी दुखणं किंवा सूज. थांबत नसलेल्या उलट्या-जुलाब. आणि एक ओळ ठळक: ताप नसला तरी फार आजारी वाटत असेल तर फोन, कारण स्टेरॉईड ताप लपवतात. ‘उगाच त्रास कशाला द्यायचा’ की ‘आत्ताच निघू’, हा रात्रीचा वाद त्या कागदाने मिटतो.

काळजीचं दुसरं टोक म्हणजे मोजत सुटणं. रक्तदाब दिवसातून बारा वेळा घेतला की तो मोजण्यानेच वाढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर, ५ मिनिटं शांत बसा, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) नसलेल्या हातावर पट्टा बांधा, मिनिटाच्या अंतराने दोन वेळा घ्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस. मास्क आणि माणसं टाळण्याचंही तसंच आहे. पहिले तीन ते सहा महिने कडक राहायचं, कारण तेव्हा औषधांचा जोर जास्त असतो. पुढे डॉक्टरांना विचारून सैल करायचं. दुसऱ्या वर्षीही खोलीत कोंडून घेतलेला माणूस संसर्गापासून थोडा वाचतो आणि एकटेपणाने बराच खचतो.

मन हलकं करायच्या युक्त्यांपैकी दोनच सांगण्याजोग्या. ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, ५ मिनिटं, सुई टोचायच्या आधी आणि अंथरुणात. आणि काळजीला रोज ठरलेली १५ मिनिटं, वही घेऊन. पानाच्या एका बाजूला ‘यावर फोन करता येईल’, दुसऱ्या बाजूला ‘यावर काहीच करता येत नाही’. चालणं तर हॉस्पिटलातच सुरू होतं. पहिले सहा आठवडे ४-५ किलोपेक्षा जड उचलू नका. पुढे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू जा, कारण स्टेरॉईडने मांड्यांचे स्नायू झिजतात. लैंगिक संबंधांबद्दल कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही. जखम भरली आणि डॉक्टर हो म्हणाले की सुरू करता येतात. पण स्त्रियांमध्ये बीज सुटणं लवकर परततं आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, म्हणून खात्रीचं गर्भनिरोधक आधी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, तर ते पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीने मोजता येतं. १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि गोळ्यांची पूर्ण यादी सोबत न्या. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम अशी औषधं ट्रान्सप्लांटच्या रुग्णांना सर्रास देतात. फ्लुवोक्सामीनने मात्र टॅक्रोलिमसची लेव्हल वाढू शकते. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवरची ‘नैसर्गिक’ वनस्पती अजिबात नको, ती टॅक्रोलिमस आणि त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन या दोन्हींची लेव्हल पाडते आणि त्यातून रिजेक्शन झाल्याच्या नोंदी आहेत. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि पावडरीही नकोत. जी शक्ती आपण मुद्दाम दाबतोय ती वाढवून काय मिळवणार? जगू नये असं वाटणं, किंवा ‘गोळ्या सोडून दिल्या की सुटू’ असा विचार येणं, या दोन्हींसाठी त्याच दिवशी मदत घ्यायची. दुसरा विचारही आत्महत्येचाच असतो, फक्त तो तसा दिसत नाही.

सांभाळणाऱ्या माणसाबद्दल एकच. जो दर आठवड्याला डबी भरतो तो एखाद्या दिवशी तापाने पडणार आहे. म्हणून महिन्यातून एकदा डबी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भरावी, रुग्णाने शेजारी बसून फक्त बघावं. कागद वाचून त्याने ०.५ आणि ५ च्या पट्ट्या न विचारता वेगळ्या केल्या, की नेहमीच्या माणसाला त्या आठवड्यात एक दिवस घराबाहेर जायला हरकत नाही.